तू गेल्यावर हे कोण बघणार?

या महिन्याच्या बऱ्याच पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या बाजूंनी आला आहे. ऑफिसात सगळे ज्या भाषेत प्रोग्राम लिहितात ती सोडून दुसरी भाषा कामात आणायची असेल, तर मालकांना आणि सहकाऱ्यांना ते कसं पटवायचं? मी सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे उत्तरांत सूत, डझन आणि जीएसटी येणारच. पत्रं थोडी छोटी केली आहेत आणि नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या कारखान्यात मी प्रोग्रामर आहे. आम्ही दोघंच आहोत. सगळं काम सी शार्प आणि एसक्यूएल सर्व्हरवर चालतं. घरी रात्री बसून मी एफ शार्प शिकलो आणि ती भाषा मला मनापासून आवडली. मालकांना वेळ मागून प्रेझेंटेशन दिलं. फंक्शनल प्रोग्रामिंग म्हणजे काय, कोड किती कमी होतो, चुका कशा टळतात, सगळं सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅप अर्लांग या भाषेवर आणि ऑनलाइन दुकानं उभारून देणारं वायावेब लिस्प या भाषेवर उभं राहिलं हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू उद्या पुण्याला गेलास तर हे कोण बघणार?” मला उत्तर सुचलं नाही. आता काय करू?

उत्तर : मालकांनी विचारलेला प्रश्न अगदी मुळावरचा आहे. त्याचं उत्तर तुमच्याकडे नसताना त्यांनी होकार दिला नाही, हे मला योग्य वाटतं. सोलापुरात शिकलेली मुलं पुण्याला जातात हे ते वर्षानुवर्षं बघत आले आहेत. कारखान्याचं डिस्पॅच थांबलं तर कंटेनर चुकतो, आणि तेव्हा फोन उचलायला माणूस लागतो. तुमचं प्रेझेंटेशन भाषेबद्दल होतं, त्यांची काळजी माणसाबद्दल होती. ती काळजी खरी आहे हे आधी मनापासून मान्य करा, तरच पुढचं बोलणं होईल.

तुम्ही दिलेली उदाहरणं खरी आहेत, पण अर्धीच सांगितलीत. अर्लांग ही भाषा एरिक्सन या स्वीडिश कंपनीत १९८६ च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजच्या कामासाठी तयार झाली. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट वर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी ती घडवली. तिच्यावर उभी केलेली यंत्रणा उत्तम चालत होती. तरीही १९९८ मध्ये एरिक्सनच्याच एका विभागानं नव्या उत्पादनांत अर्लांग वापरायला मनाई केली. भाषेत खोट होती म्हणून नव्हे. जी भाषा जगात जवळपास आपण एकटेच वापरतो, ती पुढची कित्येक वर्षं आपल्याच खर्चानं सांभाळत बसावं लागेल, हा हिशेब त्यामागे होता. म्हणजे तुमच्या मालकांचाच प्रश्न. त्याच वर्षाच्या अखेरीस अर्लांग सगळ्यांसाठी खुली झाली आणि पुढे ती व्हॉट्सअ‍ॅपच्या हाती लागली. २०१४ मध्ये फेसबुकनं व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतलं तेव्हा सुमारे ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि इंजिनिअर होते फक्त तीस-बत्तीस. वायावेबचंही तसंच. ते १९९५ मध्ये सुरू झालं, १९९८ मध्ये याहूनं विकत घेतलं, आणि पुढे याहूमध्ये ते सी प्लस प्लस आणि पर्लमध्ये पुन्हा लिहून काढलं गेलं.

व्हॉट्सअ‍ॅप काय आणि वायावेब काय, दोन्हींत भाषा निवडणारी माणसं स्वतःच कंपनीची मालक होती. त्यांना कोणाची परवानगी काढायची नव्हती आणि जोखीमही त्यांचीच होती. तुम्ही पगारावर आहात, जोखीम दुसऱ्याची आहे. त्यामुळे तुमच्या उपयोगाची उदाहरणं वेगळी आहेत. नोकरीतल्या माणसांनी आतून कामात आणलेल्या भाषा बघा. टाइपस्क्रिप्ट बघा, कॉटलिन बघा. जुन्या जावास्क्रिप्टच्या शेजारी टाइपस्क्रिप्टची एक फाइल राहू शकते. जावाच्या प्रकल्पात कॉटलिनची एक फाइल राहू शकते आणि दोघी एकमेकींना हाक मारू शकतात. जुनं न मोडता शेजारी बसता येतं, म्हणून त्या भाषा ऑफिसांत शिरल्या. तुमचं नशीब असं की एफ शार्प याच जातीची आहे. सी शार्प आणि एफ शार्प दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या एकाच यंत्रणेवर चालतात. एकाच सोल्यूशनमध्ये एक छोटा एफ शार्पचा प्रकल्प जोडायचा, त्याची डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला वापरता येणारी तयार फाइल, बनते आणि तुमचा सी शार्पचा कोड तिला नेहमीसारखा बोलावतो. नवा सर्व्हर नको, नवं लायसन्स नको, डेटाबेसला हात नको. ही गोष्ट तुम्ही मालकांना सांगितलीत का? पत्रात तरी तसं दिसत नाही, आणि त्यांच्या दृष्टीनं हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आता काम कोणतं निवडायचं? भाषा आधी आणि काम नंतर असं करू नका. मालक ज्या गोष्टीवर आधीच वैतागलेले आहेत ती शोधा. टॉवेलच्या कारखान्यात ती बहुतेक वेळा सुताच्या हिशेबात सापडते.

माझ्या एका ग्राहकाकडचा प्रकार सांगते. अमेरिकेतला खरेदीदार टॉवेलचं वजन ‘डझनाला इतके पौंड’ असं कळवायचा, युरोपातला जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, ते कळवायचा. ३० बाय ६० इंचांचा ४५० जीएसएमचा टॉवेल घेतला तर एक नग साधारण ५२३ ग्रॅम भरतो. डझन होतं ६.२७ किलो, म्हणजे साधारण १३.८ पौंड. जुन्या प्रोग्राममध्ये ‘वजन’ नावाचा एकच रकाना होता. त्यात कोणी १३.८ भरायचं, कोणी ६.२७, आणि प्रोग्रामला दोन्ही सारखेच. त्यात भर काउंटची. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. २० काउंटचं एक पौंड सूत म्हणजे १६,८०० यार्ड लांबी. पण २/२० असेल, म्हणजे २० काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेले, तर तीच लांबी निम्मी होऊन ८,४०० यार्ड राहते. सुताची खरेदी किलोत, काउंट पौंडावर, मागावरची लांबी मीटरमध्ये, खरेदीदाराची ऑर्डर डझनात. एवढ्या एककांची सरमिसळ रोज चालते आणि एखाद्या दिवशी सूत कमी पडतं किंवा गोदामात उरतं. मग पर्चेस, प्रॉडक्शन आणि कॉम्प्युटर विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात.

एफ शार्पमध्ये आकड्याला एकक जोडता येतं. किलो, पौंड, यार्ड, लडी ही एककं तुम्ही स्वतः जाहीर करता. काउंट हा नुसता २० न राहता ‘पौंडाला २० लड्या’ होतो. पौंडाला काउंटनं गुणलं की कंपायलरला, म्हणजे कोड तपासून त्याचा चालणारा प्रोग्राम करणाऱ्या साधनाला, कळतं की उत्तर लड्यांमध्ये आलं. लड्यांना ‘लडीला ८४० यार्ड’ यानं गुणलं की उत्तर यार्डांत येतं. चुकून किलोला तसंच गुणून लड्यांच्या जागी ठेवायला गेलात, तर प्रोग्राम तयारच होत नाही. ही तपासणी कंपाइल होताना होते आणि नंतर एककं गळून जातात, म्हणून चालताना प्रोग्राम हळू होत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. एक्सेलमधून किंवा डेटाबेसमधून आकडा आत येतो तेव्हा तो उघडाच येतो, एकक तुम्हीच लावायचं असतं. त्या दारापाशी काळजी घ्यावीच लागते. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर याच प्रकारच्या गोंधळात गेलं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरनं पौंडांच्या मापात दिलेले आकडे दुसऱ्या बाजूनं न्यूटनच्या मापात धरले होते. तिथे तर मोठमोठे तज्ज्ञ बसले होते.

मालकांकडे परत जाल तेव्हा भाषेचं नाव पहिल्या वाक्यात घेऊ नका. गेल्या वर्षभरात सुताचा अंदाज आणि प्रत्यक्ष खप यांत कुठे फरक पडला, त्यातल्या किती ऑर्डरींमध्ये एककाचा घोळ होता, हे तुमच्याच डेटाबेसमधून काढून एका कागदावर न्या. मग सांगा की हा एकच हिशेब नव्या पद्धतीनं लिहू द्या. जुना हिशेब काढायचा नाही, दोन्ही शेजारी चालवायचे आणि प्रत्येक ऑर्डरला दोन्ही आकडे छापायचे. फरक आला की प्रॉडक्शन मॅनेजरसोबत बसून कोणता बरोबर ते बघायचं. नवं सूत आपण आधी एकाच मागावर चढवून बघतो, सगळ्या शेडवर नाही, हे मालकांना तुम्ही समजावून सांगायची गरज नाही. आणि नवा हिशेब जमला नाही तर डीएलएल काढून जुनं फंक्शन परत जोडायला किती वेळ लागेल, तेही त्याच कागदावर लिहा.

मग ‘कोण बघणार’. तुमच्या पत्रात दुसऱ्या सहकाऱ्याचा उल्लेख फक्त ‘आम्ही दोघंच’ एवढाच आहे. मला वाटतं, तुमची खरी चूक इथे आहे. मालकांच्या केबिनमध्ये तुम्ही एकटे गेलात. त्या सहकाऱ्याला आधी शिकवा. रोज जेवणानंतर अर्धा तास बसा. तो स्वतःच्या हातानं एक बदल करू शकेल, चालवून दाखवू शकेल, तोपर्यंत मालकांकडे जाऊ नका. पुढच्या वेळी मालकांनी तोच प्रश्न विचारला की उत्तर त्यानं द्यायचं. शिवाय कोड साधा ठेवा. एफ शार्पमध्ये चिन्हांची कसरत करून चार ओळींत मावणारा कोड लिहिता येतो आणि त्याचा मोह होतो. तो टाळा. सी शार्प येणाऱ्या कोणालाही दोन आठवड्यांत वाचता येईल असंच लिहा. प्रत्येक हिशेबाच्या वर तो व्यापारी नियम मराठीत लिहून ठेवा: ‘२/२० असेल तर काउंट निम्मा धरायचा’, ‘घट इतके टक्के’. उद्या कोणी तो कोड परत सी शार्पमध्ये लिहायचं ठरवलं, तरी या नोंदींवरून लिहिता येईल. मालकांना खरी खात्री या नोंदींनीच पटेल.

एक शेवटचं, जे मालकांना तुम्ही सांगू शकत नाही म्हणून मी इथे लिहिते, आणि हा अंक त्यांच्या टेबलावर ठेवा. ज्या मुलाला आपल्या कामात नवं काही करायला मिळतं तो मुलगा गाव सोडायची घाई करत नाही. पुण्याइतका पगार सोलापुरातला कारखाना देऊ शकत नसेल, पण मनासारखं काम देऊ शकतो, आणि त्याला खर्च फार येत नाही.

प्रश्न : आमचं चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं होलसेल दुकान आहे. सासऱ्यांच्या काळापासून फॉक्सप्रोमधलं बिलिंग चालू आहे. ते लिहून देणारे काका आता थकलेत. एक हुशार मुलगा आला आहे, तो म्हणतो की सगळं इलिक्सिर नावाच्या भाषेत नव्यानं लिहू, आठेक महिने लागतील. मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. हो म्हणू का?

उत्तर : सगळं नव्यानं लिहायला हो म्हणू नका, पण त्या मुलाला नाहीही म्हणू नका.

फॉक्सप्रोतून बाहेर पडायला हवं यात शंका नाही. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्येच नवी आवृत्ती काढणार नसल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ पासून त्याची देखभालही थांबली. तुमच्या दुकानात ते आजही चालतंय याचं श्रेय त्या काकांना आहे. त्यांच्या डोक्यात आणि त्या प्रोग्राममध्ये मिळून तुमचा अख्खा व्यापार बसला आहे. कोणत्या गिऱ्हाइकाला गाठीमागे किती सूट, हुबळीच्या पार्टीला किती दिवसांची उधारी, परत आलेला माल कोणत्या भावानं जमा धरायचा, असे शेकडो नियम त्यात असतील आणि ते कुठेही लिहिलेले नसतील. आठ महिन्यांनी नवा प्रोग्राम सुरू होईल तेव्हा यातले निम्मे सुटलेले असतील, आणि तुम्हाला ते कळेल दिवाळीच्या गर्दीत.

त्याला एक तुकडा द्या. ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, हा तुकडा चांगला. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीसाठी ते करावं लागतं. तुमची उलाढाल तेवढी नसेल तर मालाच्या वाहतुकीचं ई-वे बिल घ्या. राज्याबाहेर जाणाऱ्या ५०,००० रुपयांच्या वरच्या मालासाठी ते रोजचंच आहे. हे काम आता बहुधा कोणीतरी पोर्टलवर हातानं भरत असेल. फॉक्सप्रो ज्यांत माहिती ठेवतं त्या डीबीएफ फायली दुसऱ्या भाषांतून वाचता येतात. त्या वाचायच्या आणि सरकारला हव्या त्या साच्यात फाइल तयार करून द्यायची, एवढंच काम. फॉक्सप्रोला हात लावायचा नाही. चुकलं तर पोर्टल ती फाइल नाकारतं, म्हणजे चूक तिथल्या तिथे दिसते. हे नीट जमलं की पुढचा तुकडा, मग त्याच्या पुढचा. मोठ्या कंपन्याही असंच करतात. गुगलनं अँड्रॉइडचा सगळा जुना कोड मोडून रस्ट भाषेत लिहिला नाही. नवा कोड रस्टसारख्या, संगणकाची मेमरी हाताळतानाच्या चुका होऊ न देणाऱ्या भाषांत लिहीत गेले, जुना तसाच ठेवला. सुरक्षेच्या एकूण त्रुटींमध्ये मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला.

इलिक्सिरबद्दल. भाषा उत्तम आहे. जोझे व्हालिम या ब्राझीलच्या माणसानं ती केली आणि ती अर्लांगच्याच यंत्रणेवर चालते. हजारो लोक एकाच वेळी जोडलेले असतील तिथे तिची खरी कमाल दिसते. तुमच्या दुकानात फार तर चार काउंटर असतील. म्हणून त्या मुलाला विचारा की माझ्या दुकानाला या भाषेचा नेमका उपयोग काय. त्यानं दुकानाबद्दल बोलून उत्तर दिलं तर चांगलं लक्षण. आणखी विचारा: रुपये-पैशांचा हिशेब दशांश पद्धतीनं ठेवणार ना? साध्या अपूर्णांकात संगणक ०.१ नेमका धरू शकत नाही आणि बेरजेत पैशाचा फरक येतो. इलिक्सिरमध्ये त्यासाठी वेगळी लायब्ररी घ्यावी लागते. त्याला हे आधीपासून ठाऊक असेल तर त्यानं पैशाचं काम केलेलं आहे.

कोड कोणाच्या मालकीचा, तो तुमच्या ताब्यात कुठे ठेवला जाईल, पासवर्ड कोणाकडे, आणि तो मुलगा आजारी पडला तर कोणाला फोन करायचा, हे कागदावर घ्या. त्या दुसऱ्या माणसाला एकदा दुकानात बोलावून चहा पाजा आणि प्रोग्राम उघडायला सांगा. काकांनाही बोलवा. नियम सांगायला त्यांच्याइतकं कोणी मिळणार नाही, आणि आत्ता नाही विचारलं तर नंतर विचारता येणार नाही.

प्रश्न : मी होटगी रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्याकडे पायथन वापरतात. रोज रात्री चालणारा रिपोर्ट फार वेळ घ्यायचा. मी कोणाला न विचारता तो भाग रस्टमध्ये लिहिला आणि बसवला. आता तो काही मिनिटांत होतो, सगळे खूश आहेत, पण आत रस्ट आहे हे कोणालाच माहीत नाही. परवानगी मागितली असती तर मिळाली नसती. आता सांगावं की राहू द्यावं?

उत्तर : सांगा. हा अंक हातात पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सांगा.

‘आधी करून दाखवा, परवानगी नंतर बघू’ असा सल्ला आपल्या क्षेत्रात सर्रास दिला जातो आणि मला तो अजिबात पटत नाही. मोठ्या कंपनीत कदाचित खपून जाईल. दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसात तुमच्या शब्दावर विश्वास हेच भांडवल असतं. रस्टचा प्रोग्राम एकच तयार फाइल म्हणून चालतो, ही त्याची सोय आहे, पण तुमच्या बाबतीत तोच धोका आहे. ती फाइल बिनबोभाट चालत राहील आणि ज्या रात्री अडेल त्या रात्री तुमच्या सहकाऱ्यांना ती उघडताही येणार नाही. तुम्ही गावाला गेलेले असाल. त्यानंतर त्या ऑफिसात कित्येक वर्षं कोणी नव्या भाषेचं नाव काढू शकणार नाही, आणि तुमच्यामागून येणाऱ्या एखाद्या मुलीचा चांगला प्रस्तावही त्यापायी फेटाळला जाईल.

सांगायला जाण्याआधी दोन गोष्टी करा. मूळ कोड, तो कसा कंपाइल करायचा याची कृती, आणि जुना पायथनचा भाग परत कसा बसवायचा ते कंपनीच्या रेपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांचा कोड ठेवायच्या जागी, ठेवा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रस्टमध्ये लिहिताना तुम्ही हिशेबाची पद्धतही बदललीत का ते तपासा. अनेकदा माणूस पुन्हा लिहायला बसतो तेव्हा डेटाबेसला शंभरदा विचारण्याऐवजी एकदा विचारतो, नको ते वाचणं काढून टाकतो, आणि वेग त्यातून येतो. तीच सुधारलेली पद्धत पायथनमध्ये लिहून वेळ मोजा. पायथनमध्येही पुरेसा वेग आला, तर रस्ट काढून टाका आणि पायथनचं बसवा. नाही आला, तर तुमच्या हातात आता रस्टच्या बाजूनं खरा, मोजलेला पुरावा आहे, आणि तो घेऊन तुम्ही उघडपणे बोलू शकता.

प्रश्न : विजापूर रोडवर घरूनच पुण्यातल्या कंपनीचं काम करते. माझ्या टीममध्ये सहा जण. जावास्क्रिप्टचा मोठा जुना प्रकल्प आहे. मला टाइपस्क्रिप्ट आणायचं आहे, मॅनेजरची हरकत नाही. पण सर्वांत अनुभवी सहकारी, ज्यांनी तो प्रकल्प उभा केला, ते प्रत्येक मीटिंगमध्ये विरोध करतात. त्यांचे मुद्दे खोडून काढले तरी ते नवे मुद्दे आणतात.

उत्तर : मुद्दे खोडणं थांबवा. ज्या माणसाला प्रकल्पातली प्रत्येक ओळ पाठ आहे, त्याला नवी भाषा एका दिवसात शिकाऊ करून टाकते. हे कोणी मीटिंगमध्ये बोलून दाखवत नाही. त्यांच्या जागी तुम्ही-मी असतो तर आपल्यालाही हेच वाटलं असतं.

टाइपस्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०१२ मध्ये बाहेर आणली तीच मुळी जुन्या जावास्क्रिप्टसोबत राहता यावं अशी. जुन्या फायली आहेत तशा चालू ठेवता येतात आणि टाइपच्या, म्हणजे कुठे आकडा यावा आणि कुठे शब्द याच्या, तपासणीचा कडकपणा हळूहळू वाढवता येतो. तेव्हा तारीख ठरवून सगळं बदलण्याचा घाट घालू नका. त्या सरांना फोन करा, मीटिंग नको. विचारा, “सर, या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळा कुठे मोडतं?” ते लगेच सांगतील, कारण रात्री उठून तेच दुरुस्त करत आले आहेत. ती एकच फाइल निवडा. टाइप काय असावेत हे त्यांना ठरवू द्या. कोणता रकाना रिकामा येऊ शकतो, कोणता आकडा कधी शब्द बनून येतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. ते टाइप कोडमध्ये लिहून बसवायचं काम तुम्ही करा. त्यांचं ज्ञान त्यात उतरलं की ती फाइल त्यांची होईल.

तरीही ते नको म्हणाले, तर त्यांना त्या भागातून मोकळं ठेवा आणि नव्या मॉड्यूलपासून सुरुवात करा. प्रत्येकाला पटवलंच पाहिजे असं नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आई विड्या वळते. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या जावा आणि पायथनच विचारतात. मला हॅस्केल शिकायची फार इच्छा आहे. नोकरीच्या दृष्टीनं हा वेळ वाया जाईल का?

उत्तर : आधी जावा किंवा पायथन यातली एक भाषा आणि एसक्यूएल इतकं पक्कं करा की इंटरव्ह्यूत अडणार नाही. घराला तुमच्या पगाराची गरज आहे, तेव्हा हा क्रम बदलू नका. त्यानंतर हॅस्केल जरूर शिका. बंगळूरची जसपे ही पेमेंटचं काम करणारी कंपनी हॅस्केल वापरते. पुण्यात हेल्पशिफ्टनं आपलं काम क्लोजरवर उभं केलं. झिरोधामध्ये गो मोठ्या प्रमाणावर आहे. अशा जागा संख्येनं थोड्या असतात, पण तिथे अर्ज करणारेही थोडे असतात, आणि त्या भाषेत पूर्ण केलेलं एक काम दाखवता आलं तर तुमच्याकडे नीट बघितलं जातं.

ते काम पुस्तकातलं घेऊ नका. विडीची मजुरी हजारावर ठरते. दिलेली पानं आणि तंबाखू, जमा केलेल्या विड्या, खराब म्हणून बाजूला काढलेल्या, त्यांची वजावट, भविष्यनिर्वाह निधीची कपात, हे सगळं आईच्या हिशेबाच्या वहीत असेल. तो हिशेब हॅस्केलमध्ये लिहा. चुकीची नोंद आतच येऊ शकणार नाही असे टाइप कसे करायचे यावर डोकं चालवा. त्या भाषेची खरी ताकद तिथेच आहे. आकडे आईकडून तपासून घ्या. अडलात तर या सदराच्या पत्त्यावर कोड पाठवा, मी वाचून उत्तर देईन.